सर्फ फिशिंगसाठी (किनाऱ्यावरून गरवायला) ईल (वामसारखा मासा) रिग कसा करायचा, म्हणजे गळाला कसा बांधायचा? (न्यू जर्सी, स्ट्राइप्ड बास)

खाडीपार

नमस्कार मंडळी, इथे गरवण्याबद्दल लिहिणारे बहुतेक कोकणातले नाहीतर मुंबईचे दिसतात, पण अमेरिकेत ईस्ट कोस्टला रात्री-बेरात्री वेडर्स (छातीपर्यंतची रबरी विजार) घालून पाण्यात उभं राहणारं कुणीतरी मराठी माणूस असणारच म्हणून विचारतोय. मी न्यू जर्सीत राहतो, मूळ गुहागर तालुका. लहानपणी जेटीवर बसून हातात तंगूस धरून गरवलंय, रॉड-रील सगळं इकडे आल्यावर शिकलो.

स्ट्राइप्ड बास मला मिळतात, नाही असं नाही, पण ते सगळे बंकर माशाचे तुकडे लावून, शिसं टाकून, खुर्चीत बसून मिळालेले. नोव्हेंबरात बास किनाऱ्याला लागून खाली दक्षिणेकडे उतरतात तेव्हा जेटीवरची जुनी मंडळी रात्री मेलेला ईल नुसता फेकतात आणि हळूहळू ओढत आणतात, शिसं नाही काही नाही, आणि मोठे मासे बरोब्बर त्यांनाच लागतात. मला ते शिकायचंय.

बेट शॉपमधून ईल आणलेत, सध्या फ्रीझरमध्ये आहेत (घरी अजून सांगितलेलं नाही). जुने व्हिडिओ बघितले त्यात दोन गळ लावतात, एक डोक्यात आणि एक पोटाखाली, आतून दोरी ओवून. पण आता सर्कल हुकचा (टोक आत वळलेल्या गोल गळाचा) नियम आहे ना, मग हे दोन गळांचं प्रकरण चालतं का? आणि एक ईल वितळवून गळाला लावून खाडीत ओढून बघितला तर तो ताठच्या ताठ, पाण्यात गोल गोल फिरतो आणि लाइनला नुसता पीळ बसतो, पोहणं वगैरे काही नाही. मिठात ठेवतात असं ऐकलं, ते कुठलं मीठ, किती दिवस, आणि गळ नेमका कुठून घालायचा... जरा नीट कुणी सांगेल का. इंग्रजी फोरमवर विचारलं तर "सर्च कर, शंभर वेळा उत्तर दिलंय" एवढंच मिळालं.

केपकॉडकर

अरे वा, गुहागरचा माणूस जर्सीच्या जेटीवर, झकास. मी मॅसॅच्युसेट्सला असतो, केप कॉड कॅनॉल हे माझं ठिकाण, पण ईल लावण्याची पद्धत तुमच्याकडे आणि आमच्याकडे एकच.

आधी नियमाचं बघू कारण त्यावर बाकी सगळं ठरतं. २०२१ पासून मेनपासून खाली नॉर्थ कॅरोलायनापर्यंत स्ट्राइप्ड बाससाठी नैसर्गिक आमिष लावलं तर सर्कल हुकच पाहिजे, आणि तोही नॉन-ऑफसेट, म्हणजे गळाचं टोक दांड्याच्या रेषेतच असलं पाहिजे, बाजूला वळवलेलं चालत नाही. दुकानात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी टांगलेले असतात, पाकीट वाचून घे. नैसर्गिक आमिष म्हणजे पाण्यातला कुठलाही जीव, जिवंत असो मेलेला असो, आख्खा असो तुकडा असो. तेव्हा तुझा मेलेला ईल हे आमिषच झालं, आणि ते व्हिडिओतले दोन जे-हुक (साधे, इंग्रजी J सारखे गळ) म्हणजे जुन्या काळातली गोष्ट. कृत्रिम ल्युअरला (खोट्या आमिषाला) जोडलेलं आमिष तेवढं नियमातून वगळलंय, म्हणून काही लोक ईलची नुसती कातडी लाकडी प्लगवर (खोट्या माशावर) चढवतात नाहीतर ईलच्या डोक्याला लिप (पुढे आलेली पट्टी) असलेला धातूचा तुकडा बांधतात. नुसत्या ईलला दोन गळ मात्र लावू नकोस, रात्री वॉर्डनने टॉर्च मारला तर वाद घालत बसावं लागेल.

आता तुझा ताठ ईल. फ्रीझरमधून काढलेला ईल तसाच लावला तर तो फिरणारच. त्याचा कणा मोडायला लागतो. पूर्ण वितळू दे, मग चिंधीत धरून डोक्याच्या मागून सुरुवात करून शेपटीपर्यंत दर इंच-सव्वा इंचावर दोन्ही हातांनी वाकवत जायचं, आधी डावीकडे मग उजवीकडे, आत बारीक कट्‌कट्‌ असं हाताला जाणवतं. कातडी फाटू द्यायची नाही एवढंच. शेवटी डोकं धरून उचललास की तो लुळा लोंबला पाहिजे, कुठेही अडून राहता कामा नये. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि माझ्या मते सगळ्या रिगिंगमध्ये हेच खरं काम आहे, बाकी गाठी-बिठी कुणाच्या कशाही असतात.

दुसरं, तोंड. ईलचं तोंड उघडं राहिलं की त्यात पाणी भरतं आणि परत तो फिरायला लागतो. सर्कल हुक खालच्या जबड्याच्या मधोमध खालून घालून वरच्या जबड्यातून बाहेर काढ, थोडासा डोळ्यांच्या पुढे, गळाचा सगळा बाक उघडा राहिला पाहिजे कारण सर्कल हुक माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात फिरून बसतो, त्याला जागा नसेल तर तो नुसता निसटून येतो. मग मेण लावलेला डेंटल फ्लॉस घे, तोंडाभोवती पाच-सहा वेढे, एक-दोन वेढे गळाच्या डोळ्यातून (लाइन बांधायच्या भोकातून) ओवून परत, आणि कल्ल्यांच्या मागे वेगळे वेढे घट्ट बांध. फेकताना सगळा जोर त्या डोक्यावर येतो, न बांधलेला ईल तिसऱ्या-चौथ्या कास्टला गळावरून फाटून समुद्रात जातो.

बारा-चौदा इंची ईलला ८/० नंबरचा गळ पुरतो. लाइन ३०-४० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी), पुढे स्विव्हल (फिरती कडी), मग तीन-साडेतीन फूट ५० पौंडी लीडर (गळाजवळचा जाड दोरीचा तुकडा), बस्स.

रेवसबंदर

मी अलिबागकडचा, अमेरिकेचं मला काही माहीत नाही पण धागा वाचून पोटात कालवलं. एवढे वाम आमिषाला?? आमच्याकडे वामचं कालवण करतात हो, वर तिरफळ टाकून. आणि तुम्ही त्यांचे कणे मोडताय 😀

बरं गंमत सोडा, पण खरंच विचारतो, बासला ईलच का? आम्ही खाडीत जिताड्याला जिवंत कोळंबी लावतो कारण जिताडा तिथे कोळंबीवरच असतो. तिकडे बास काय ईल खाऊनच राहतो का?

पुळणवाली

@रेवसबंदर काका, चांगला प्रश्न आहे, कुणीच विचारत नाही हा. बास सगळंच खातो, बंकर, हेरिंग, सँड ईल (तो नावालाच ईल, वेगळाच मासा), खेकडे, स्क्विड. पण खरा ईल दिवसा चिखलात नाहीतर दगडांत दडून असतो आणि रात्री बाहेर पडतो, बासची पण मोठी धाड रात्रीच किनाऱ्याला येते, दोघांची वेळ एक. शिवाय अमेरिकन ईल वाढतो नद्यांत आणि खाड्यांत पण अंडी घालायला पार सारगासो समुद्रात जातो, ते मोठे झालेले ईल शरद ऋतूत नदीतून बाहेर पडतात, म्हणजे बास खाली उतरतो त्याच दिवसांत. खाडीच्या तोंडाला रात्री काळं काहीतरी हळू सळसळत गेलं की बास फार विचार करत नाही. जड जेवण, आणि पकडायला सोपं.

आता @खाडीपार, मी लॉन्ग आयलंडला असते, मोंटॉकला जाते. केपकॉडकर काकांनी सांगितलं ते सगळं बरोबर, पण माझं मत विचारशील तर सुरुवातीला मेलेल्या ईलच्या मागे लागू नकोस. एक तर जिवंत लाव. जिवंत ईलला बांधाबांधी नाही, कणा मोडणं नाही, मीठ नाही, एकच गळ खालच्या जबड्यातून घालून एका डोळ्यातून बाहेर काढायचा आणि फेकायचं. वास, हालचाल सगळं त्याचं तोच करतो. २०११ साली ग्रेग मायरसनने कनेटिकटजवळ ८१ पौंड १४ औंसांचा जो वर्ल्ड रेकॉर्ड बास काढला तो जिवंत ईलवरच. बोटीतून, हे खरं, पण मासा बोट बघून थोडाच खातो.

फक्त जिवंत ईल सांभाळायची एक पद्धत आहे. बादलीत पाणी भरून त्यात सोडायचे नाहीत, तेवढ्या पाण्यातला ऑक्सिजन ते तासाभरात संपवतात आणि मरतात. दोन बादल्या एकात एक, वरच्या बादलीला तळाला भोकं, त्यात ओलं पोतं किंवा टॉवेल आणि ईल, खालच्या बादलीत बर्फ. गारठ्याने सुस्त पडतात मग हाताळता येतात, गरम ईल हातात घेतलास तर तो मनगटाला विळखा घालतो आणि लीडरच्या अशा गाठी करतो की कापूनच टाकावं लागतं. जवळ एक कोरडी चिंधी ठेवायचीच, नुसत्या हाताने तो चिकट बुळबुळीत प्राणी धरताच येत नाही.

नाहीतर सरळ प्लास्टिकचा ईल घे. नऊ इंची काळा स्लग-गो घेऊन तो रिग कर, त्याला सर्कल हुकचा नियमच लागत नाही, दोन गळ लाव की, कोण विचारतंय, आणि घरी वास नाही.

केपकॉडकर

ताईंशी अर्धं सहमत. जिवंत ईल चांगलाच, पण जेटीवरून नाही. खाली दगड असले की जिवंत ईल पहिली गोष्ट काय करतो तर दगडाच्या फटीत घुसतो आणि शेपटीने घट्ट धरून बसतो, मग ओढा. पुळणीवर, वाळूच्या तळावर ठीक. जेटी आणि खडपाच्या जागी मेलेला ईलच बरा, तो तुम्ही न्याल तिथे जातो. आणि लांब फेकता येतो, जोरात फेकला तरी चालतो, जिवंताला तसं भिरकावलं तर तो मरतोच.

प्लास्टिकबद्दल काही बोलत नाही. मी पण वापरतो. पण बासने एकदा तोंडात घेऊन सोडून दिलं की परत येत नाही, खऱ्या ईलला तो परत परत चावतो कारण चव खरी असते.

खाडीपार

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, एवढी माहिती एका संध्याकाळी मिळेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री गॅरेजमध्ये बसून दोन ईलचे कणे मोडले, सिंकमध्ये पाणी भरून ओढून बघितले तर मागचा अर्धा भाग खरंच वळवळतो! आणि हो, घरी कळलंय आता. फ्रीझर बंद, गॅरेजमध्येच जे काय ते करा असा आदेश आहे.

तर मिठाचं सांगा ना. आणि अजून एक, ओढायचं किती हळू? आणि मासा लागला की झटका द्यायचा नाही म्हणतात सर्कल हुकला, पण हात ऐकत नाही, लहानपणापासून तंगूस हलला की हिसका द्यायची सवय. आणि ब्लूफिशचं काय करायचं, गेल्या वर्षी आमच्याकडे ऑक्टोबरात नुसते ब्लूफिश होते, ते शेपटी तोडून नेतात ना?

केपकॉडकर

मीठ: कोशर सॉल्ट घे, मोठ्या खड्याचं, आयोडीन नसलेलं. घरातलं बारीक आयोडीनचं नको. थंड पाण्यात मीठ ढवळत राहा, त्यात कच्चं अंडं तरंगायला लागलं की वर अजून दोन मुठी टाक, तळाला थोडं न विरघळलेलं मीठ दिसलं तरी चालेल. ईल आधी चिंधीने आणि मिठाने चोळून त्याचा सगळा चिकटा काढायचा, नाहीतर ते पाणी दोन दिवसांत शेवाळ्यासारखं घाण होतं. मग कणा मोडायचा, मग मिठाच्या पाण्यात. पसरट डबा घे, ईल आत सैल राहिले पाहिजेत, बरणीत दाबून गुंडाळून भरले तर तसेच वाकडे होऊन बसतात आणि वाकडा ईल परत गोल फिरणार. दोन दिवसांनी कातडी चिवट होते, त्यानंतर कितीही दिवस ठेव, थंड जागी सीझनभर टिकतात. फ्रीझरमधला ईल मऊ पडतो, पाच-दहा कास्टमध्ये पोट फुटतं, मिठातला रात्रभर जातो, हा फरक.

काही लोक पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाकतात, गळ गंजू नयेत म्हणून. मी गळ मिठात ठेवतच नाही. ईल नुसते मुरवतो आणि निघायच्या आधी संध्याकाळी टीव्हीसमोर बसून दोन-तीन बांधतो. मुरलेली कातडी कडक असते, गळ घालायला जरा जोर लागतो, पण धार शाबूत राहते.

ओढणं: तुला वाटतंय त्याच्यापेक्षा हळू. हँडलचा एक फेरा दोन-तीन सेकंदांत, रॉडचं टोक वर. करंट जोरात असेल तर अजून हळू, नुसती लाइन ताणात ठेवली तरी करंटच त्याला पोहवतो. ईल दगडाला घासतोय असं वाटलं तर टोक अजून वर, वेग वाढवू नकोस.

सर्कल हुकचा चावा: धक्का बसला की रॉडचं टोक माशाकडे थोडं झुकव, एक-दोन सेकंद, मग लाइन घट्ट होईपर्यंत नुसतं रीळ फिरव आणि वजन जाणवलं की रॉड सावकाश वर घे. हिसका दिलास तर गळ तोंडातून सरळ बाहेर येतो. हाताला सवय लागायची तर डावा हात रॉडवरून काढून रिळाजवळच ठेव, दोन हातांनी रॉड धरली की हिसका आपोआप बसतो.

ब्लूफिशला उपाय नाही. त्यांनी शेपटी नेली तर उरलेला अर्धा तसाच ओढत राहा, बऱ्याचदा त्याच्यावरच बास येतो. लागोपाठ दोन ईल गेले की जागा बदल नाहीतर ईल पिशवीत टाक आणि प्लग लाव, ईल काय फुकट येत नाहीत.

तंगूस

उशिरा आलो. दोन-तीन गोष्टी राहिल्यात म्हणून.

जर्सीत समुद्रातल्या मासेमारीला फी नाही पण रजिस्ट्रेशन लागतं, दरवर्षी, ऑनलाइन होतं, फुकट. तो कागद फोनवर ठेवा. घरी न्यायचा बास सध्या २८ ते ३१ इंचांच्या मधलाच, माणशी दिवसाला एक. म्हणजे ईलवर जो मोठा मासा यायचा तो परत पाण्यातच जाणार आहे हे धरूनच चाला. ईलला पण नियम आहे, ९ इंचांपेक्षा लहान ठेवायचा नाही आणि माणशी २५ च्या वर जवळ बाळगायचे नाहीत. ईलची संख्या पण घटलेलीच आहे, गरज असेल तेवढेच घ्या, डझन-डझन कशाला.

आणि सर्कल हुकवर लोक कुरकुरतात पण कारण साधं आहे. सोडून दिलेल्या बासपैकी ९ टक्के मरतात असं धरून सगळा हिशोब होतो, आणि सोडले जाणारे मासे नेलेल्यांच्या कितीतरी पट असतात. मेरीलँडला चेसापीकच्या खाडीत दरवर्षी बासच्या पिल्लांची मोजणी करतात, ती २०१९ पासून सतत सरासरीच्या खाली येतेय. पोटात गिळलेला गळ घेऊन परत गेलेली चाळीस इंची मादी जगत नाही. मी तर गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पण पकडीने दाबून टाकतो, अंधारात सोडवायला सोपं जातं, आणि लाइन सैल सोडली नाही तर मासा काही सुटत नाही.

एक मतभेद. ताईंनी ८१ पौंडाचं उदाहरण दिलं म्हणून जर्सीचं सांगतो, १९८२ च्या सप्टेंबरात अल मॅकरेनॉल्ड्सने अटलांटिक सिटीच्या जेटीवरून वादळात ७८ पौंड ८ औंसांचा काढला, तो प्लगवर. कित्येक वर्षं वर्ल्ड रेकॉर्ड होता तो. तेव्हा ईल म्हणजेच सगळं असं काही नाही, वारं सुटलेलं असेल, पांढरं पाणी असेल, तर मुळात ईल फेकताच येत नाही नीट, हलका असतो, वाऱ्यात गिरकी घेतो. ईल शांत काळ्या रात्रीचा. अमावास्येच्या आसपास, भरती उतरायला लागली की पहिले दोन तास, खाडीच्या तोंडाजवळ. पुनवेच्या लख्ख उजेडात मला तरी ईलने कधी फार दिलेलं नाही.

आणि जेटीवर जाणार असशील तर बुटाला खिळेवाले सोल लाव आधी, मग ईलचं बघ. बार्नेगॅटसारख्या जागी ओल्या शेवाळी दगडावर रबरी बूट म्हणजे वेडेपणा आहे. वेडर्सचा पट्टा घट्ट. एकटा जाऊ नको. हेडलॅम्प लाल उजेडाचा, आणि तो पाण्यावर मारायचा नाही, शेजारचे लोक शिव्या देतात आणि बरोबरच देतात.

पुळणवाली

प्लगचं मान्य 🙂 पुनवेचं नाही. मोंटॉकला लख्ख चांदण्यात ईलवर चांगले मासे मिळालेत मला, फक्त लांब फेकावं लागतं कारण मासे जवळ येत नाहीत. जागेजागेचं वेगळं असतं.

खाडीपार

तंगूस दादा, खिळेवाले सोल आज ऑर्डर केले. ईल उरलेत तेवढे मिठात टाकले, अंड्याचं जमलं. फक्त एक शेवटचं, ईल लीडरला थेट बांधायचा का स्नॅप (उघडता येणारी कडी) लावायचा? दर वेळी अंधारात गाठ मारणं मला जमणार नाही.

केपकॉडकर

स्नॅप लाव, पण चांगला जाड, साधा सेफ्टी-पिनसारखा दिसणारा नको, मोठ्या माशाला तो उघडतो. घरूनच गळ बांधताना ईलच्या तोंडातून गळाचा डोळा पूर्ण बाहेर राहील असं बघ, फ्लॉसचे जास्त वेढे डोळ्यावर चढले तर स्नॅप आत जातच नाही आणि मग जेटीवर लाल उजेडात दातांनी फ्लॉस तोडत बसावं लागतं. बांधलेले ईल झिपलॉकमध्ये एकेक वेगळे, मिठाचं थोडं पाणी टाकून. दोन ईल एका पिशवीत ठेवू नकोस, गळ एकमेकांत अडकतात.